नायक, साक्षीदार आणि मराठवाड्याची भूमी

ऐतिहासिक कादंबरीचे नवेपण प्रकाशनवर्षावरून ठरत नाही. जुन्याच दृष्टीने लिहिलेली कादंबरी आज प्रसिद्ध झाली म्हणून नवी होत नाही, आणि पाव शतकापूर्वीची एखादी कादंबरी आजही नवी राहू शकते. भूतकाळाकडे कोणाच्या डोळ्यांनी पाहिले जाते, यावर हे नवेपण अवलंबून असते. या निकषाने मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या वाटचालीचा आणि मराठवाड्याच्या भूमीशी असलेल्या तिच्या नात्याचा येथे विचार करावयाचा आहे.

रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून (१८७१) मराठीत हा प्रकार सुरू झाला, असे सामान्यतः मानले जाते. ह. ना. आपटे यांच्या ‘उष:काल’मध्ये शिवकाल आहे, परंतु कथेचा भार एका कल्पित किल्लेदार घराण्यावर आहे. थोर पुरुष कडेला आणि मध्यम प्रतीचा माणूस मध्यभागी, ही वॉल्टर स्कॉटची रचना. गेऑर्ग लुकाच यांनी पुढे तिचेच मर्म उलगडून दाखविले. इतिहासाचे ताण सामान्य माणसाच्या जगण्यातून जातात, तेव्हाच ते दृश्यमान होतात, असा त्या विवेचनाचा आशय आहे. मराठीत हे केंद्र सरकले ते रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने (१९६२). थोर पुरुष स्वतःच नायक झाला. त्याचे अंतरंग, त्याचे दांपत्य, त्याचे एकाकीपण हा कादंबरीचा विषय झाला. वाचकाला इतिहासाची गोडी लागली हे खरे. परंतु इतिहास म्हणजे चरित्र, हे समीकरणही तेव्हाच रुजले.

या समीकरणाची झळ मराठवाड्याला विशेष लागली. पालखेड (१७२८), उदगीर (१७६०), राक्षसभुवन (१७६३) ही सारी नावे या भूमीतली. पानिपतच्या मोहिमेची वाटही परतूरहून निघते. चरित्रकेंद्री कादंबरीत मात्र ही गावे बहुधा मुक्काम किंवा रणांगण एवढ्यापुरतीच येतात. फौजा येतात, तंबू पडतात, तह होतो आणि कथा पुण्याकडे वळते. घोड्यांना वैरण कोणाच्या शेतातून आली, हा प्रश्न विचारला जात नाही. ज्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसविली आणि तिला नहरींनी पाणी दिले, तोही बहुधा पूर्वपीठिकेपुरताच उरतो. आणि १९४८ पर्यंत चाललेल्या निजामी अमलातील सामान्य माणूस तर या कथेच्या चौकटीबाहेरच राहतो.

येथे नरहर कुरुंदकरांची आठवण अपरिहार्य आहे. ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जोडलेले त्यांचे दीर्घ पत्र मराठवाड्यातल्याच एका चिकित्सकाने लिहिलेले आहे. शिवचरित्रातील कूट प्रश्न त्यांनी त्यात भाविकतेने नव्हे, तर पुराव्याच्या शिस्तीने मांडले. कादंबरीहून तिच्या प्रस्तावनेत इतिहासाची अस्वस्थता अधिक असावी, ही घटना आपल्या परंपरेबद्दल पुष्कळ सांगून जाते.

ही केवळ वाङ्मयप्रकाराची चर्चा नव्हे. १९७०च्या दशकात मराठी वाचकाने ना. सं. इनामदारांची ‘शहेनशाह’ वाचली आणि शिवाजी सावंतांची ‘छावा’ही वाचली. एकीच्या केंद्रस्थानी औरंगजेब, दुसरीच्या केंद्रस्थानी संभाजीराजे. शत्रूच्याही एकाकीपणात शिरण्याइतके सामर्थ्य त्या वाचनात होते. २०२३ मध्ये औरंगाबादचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’वर आधारलेला हिंदी चित्रपट आला, मार्चमध्ये खुलताबादची कबर हटविण्याच्या मागणीवरून तणाव वाढला आणि नागपुरात हिंसाचार झाला. त्याचे सारे उत्तरदायित्व एका कलाकृतीवर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि कादंबरी हाच ज्या समाजाचा इतिहासग्रंथ होतो, तेथे ‘कोणाच्या डोळ्यांनी’ हा प्रश्न नुसता सौंदर्यशास्त्रीय राहत नाही.

म्हणून नव्या कादंबऱ्यांपैकी आवर्जून वाचाव्यात अशा दोघींचा निर्देश करावासा वाटतो. नंदा खरे यांच्या ‘अंताजीची बखर’मध्ये (१९९७) बंगालवरील मराठ्यांच्या स्वाऱ्या एका दुय्यम माणसाच्या तोंडून येतात. बखर हा राज्यकर्त्यांच्या गौरवाचा प्रकार येथे त्या गौरवाचीच झडती घेतो. लूट ही लूट म्हणून दिसते. रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) यादवकाळाच्या अखेरीपासून आजवर येते. कुलवृत्तांत हा प्रतिष्ठित घराण्यांनी जपलेला दस्तऐवज; पठारे तो कुणब्या-मराठ्यांच्या नांगरटीपर्यंत नेतात, आणि कुळाच्या शुद्धतेची कल्पनाच त्यात विरघळत जाते. पहिलीत उपरोध क्वचित माणसांपेक्षा मोठा होतो, दुसरीत विवेचन कथेवर मात करते; हे दोष मान्य करूनही दोन्ही कादंबऱ्यांनी नायकाच्या जागी साक्षीदार आणला, हे त्यांचे कार्य मोलाचे आहे. एका अर्थी हे हरिभाऊंच्या वाटेकडे परतणे आहे, मात्र त्यांचा आदर्शवाद मागे ठेवून.

गंगापूर तालुक्यातील वाळूज आज कारखान्यांचे गाव आहे. मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून आलेली कुटुंबे तेथे स्थिरावली आहेत. देवगिरीचा किल्ला आणि खुलताबादच्या कबरी त्यांच्यापासून दूर नाहीत. पण त्यांचे पूर्वज त्या किल्ल्याच्या कथेत कोठे होते, हे त्यांना कोणत्याही लोकप्रिय कादंबरीने सांगितलेले नाही. सारा भरणारा, चारा पुरविणारा, दुष्काळात गाव सोडणारा माणूस ज्या कादंबरीत बोलू लागेल, ती या भूमीची ऐतिहासिक कादंबरी ठरेल. वरील दोन कृतींनी तिची शक्यता सिद्ध केली आहे. ती लिहिण्याचे काम उरले आहे.