दिनविशेष : १ ऑगस्ट
२०२४ साली आजच्या दिवशी फ्रान्समधील शातोरू येथे, कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने, गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभ्याने नेम साधावयाच्या ५० मीटर रायफल या कष्टसाध्य प्रकारात ४५१.४ गुणांनिशी ऑलिंपिक कांस्यपदक संपादन केले. २०१५ मध्ये कुवेतच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत कुमार गटाचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या आणि तुघलकाबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत गगन नारंगसारख्या मातब्बरास मागे टाकणाऱ्या या नेमबाजाची साधना, पिंपरी-चिंचवडच्या वेशीलगत, मुळा नदीच्या तीरी वसलेल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. चाकरी मात्र तेव्हा मध्य रेल्वेत, तिकीट तपासनिसाची होती. कुस्तीगीर खाशाबा जाधवांनंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी महाराष्ट्रास ७२ वर्षे तिष्ठावे लागले, ही गोष्ट काही भूषणावह नव्हे.