गोरोबांच्या अंगणात

जपून या, पायाखाली चिखल आहे. गाव तेर, तेरणा नदीच्या काठचं. तेरावं शतक सरत आलंय आणि तुम्ही गोरोबा कुंभारांच्या अंगणात उभे आहात. आवा विझून गार झालाय. सावलीत नवी मडकी सुकताहेत.

आव्यातलं एक उचलून बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणलं? पक्कं. कडेच्या मडक्याला जाळ नीट लागला नव्हता; ते बद्द वाजतं. सावलीतल्याला मात्र हात लावू नका, बोट रुतेल. ते गोरोबाकाका स्वतः मांडीशी घेतात, आतून गोळ्याचा आधार देतात आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत फिरवतात. जाड बूड पातळ होतं, पोट फुगतं. इथं ‘कच्चं’ ही शिवी नव्हे. बिघडलं तर पाण्यात भिजवा, पुन्हा माती हाताशी. पक्कं फुटलं की मात्र खापर.

इकडे मंडळी जमलीत: निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, नामदेव. (इथून पुढचं संतकथेतलं, इतिहासाची साक्ष मागू नका.) धाकटी मुक्ताबाई काकांना विचारते, यांतली पक्की मडकी कोणती, कच्ची कोणती? काका थापटणं घेऊन उठतात आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत जातात. सगळे निमूट बसून राहतात. नामदेवांची पाळी येते तसे ते चिडतात. विठ्ठलाच्या एवढ्या लाडक्या भक्ताला ही वागणूक! काका निकाल देऊन टाकतात: हे कच्चं.

कीर्तनात ही परीक्षा म्हणून रंगवतात आणि श्रोते नामदेवांना हसतात. पण तुम्ही आत्ताच पाहिलंत, भाजलेलं मडकं पेरानं वाजवतात. थापटणं पडतं ते ओल्यावर, आकार देण्यासाठी. मला तरी वाटतं, काकांनी हातात काय घेतलंय हे त्या अंगणात एकट्या नामदेवांनाच नीट कळलं असावं. बाकीच्यांना त्याची गरज नव्हती.

नामदेव रागानं पंढरीला निघतात. तिथून विठ्ठल त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे धाडतो, गुरू करायला. पुढे संतचरित्रकार महिपतींनी १७६२च्या ‘भक्तविजया’त ही कथा घरोघरी पोचवली. पण त्याआधीच ती अभंगांत आली होती, आणि ते अभंग आहेत नामदेवांच्याच गाथेत. आपलं हसं झाल्याची गोष्ट त्यांच्याच नावावर चालत आली आहे.