महाराष्ट्राच्या माथ्यावरची मोलकरीण

आपल्या माजिवड्याच्या नाक्यावरून नाशिकची गाडी धरली की भिवंडीचे वळण, शहापूर, कसाऱ्याचा घाट आणि इगतपुरी ओलांडून घोटी येते. तेथून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागावे. थोड्या वेळाने बारी नावाचे गाव लागते आणि त्याच्या डोक्यावर कळसूबाईचा डोंगर उभा दिसतो. उंची १६४६ मीटर, जुन्या हिशेबाने ५४०० फूट. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. सुटीच्या दिवशी भल्या पहाटे पाठीला पिशव्या लावून नाक्यावर जमलेली तरुण मंडळी आपण पाहिली असतील. त्यांच्यापैकी पुष्कळांना त्या शिखराची उंची तोंडपाठ असते. शिखराला जिचे नाव आहे ती बाई कोण, असे विचारले की मात्र ती एकमेकांकडे पाहू लागतात.

ती एक मोलकरीण होती. १८८४ साली सरकारने छापलेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरात तिची कथा नोंदलेली आहे. कळसू ही कोळ्याची पोर. आपल्या खाडीकाठचे कोळी वेगळे, हे डोंगरातले. तिला रानात हिंडण्याची ओढ. हिंडत हिंडत ती पायथ्याच्या इंदोरे गावी आली आणि एका कोळी कुटुंबात कामाला राहिली. राहण्यापूर्वी तिने अट घातली. भांडी घासणे व केर काढणे ही कामे आपल्याला सांगायची नाहीत. घरच्यांनी अट मान्य केली. पुष्कळ दिवस सारे सुरळीत चालले. मग एके दिवशी घरातल्या कोणी तरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितले. तिने ते काम केले, आणि निघून जी डोंगरावर गेली ती अखेरपर्यंत तेथेच राहिली. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात आणि राहिली तो डोंगर कळसूबाई.

आख्यायिका म्हणजे इतिहास नव्हे, ही हरकत कोणी घेईल. ती आम्हांस मान्य आहे. तथापि एखादा मुलूख कोणती गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून ठेवतो, यात इतिहास असतोच. या गोष्टीत राक्षस नाही, लढाई नाही, राजा नाही. देवीने धन्याला शापही दिलेला नाही. ठरलेली अट मोडली म्हणून नोकरी सोडली, एवढेच. आणि सोडताना अंगावरचे काम अर्धवट टाकले नाही, हे बारीक कलमही लोकांनी विसरू दिले नाही! ज्यांचे आयुष्य कारखान्यांच्या दारांशी करारनाम्यांची कलमे वाचण्यात गेले, त्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट पहिल्यांदा वाचताना काय वाटले असेल ते सांगावयास नको.

आता जगातल्या सर्वांत उंच शिखराकडे वळू. तुलना उंचीची नाही, नावाची आहे. हिंदुस्थानची त्रिकोणी मोजणी १८०२ साली मद्रासेकडे लॅम्बटनने सुरू केली. हा गृहस्थ १८२३ साली आपल्या हिंगणघाटी वारला; त्याची कबर तेथे आहे. त्याचे कोन मोजण्याचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे. ते डोंगरावर आपोआप चढत नव्हते. वाहणारे खलाशी आणि हमाल होते, त्यांची नावे नकाशावर नाहीत. लॅम्बटनच्या जागी एव्हरेस्टसाहेब आले आणि १८४३ साली निवृत्त होऊन विलायतेस गेले.

याच खात्यात १८३१ सालापासून राधानाथ सिकदार हा बंगाली गणिती हिशेबाचे काम करीत होता. दुरून घेतलेल्या कोनांवरून पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची काढण्यात त्याचा मोठा हात होता. ती २९,००२ फूट भरली. १८५६ साली वॉसाहेबाने ती जाहीर केली आणि शिखराला आपल्या आधीच्या वरिष्ठाचे नाव दिले. खुद्द एव्हरेस्टला ही कल्पना फारशी रुचली नव्हती. तरी १८६५ साली लंडनच्या भूगोल संस्थेने तेच नाव कायम केले. २०२० साली नेपाळ व चीनने मिळून जाहीर केलेली उंची ८८४८.८६ मीटर, म्हणजे २९,०३२ फूट आहे. कोनांवर आणि कागदावर केलेला हिशेब किती जवळ गेला होता पाहा.

सिकदारची आणखी एक हकीकत आहे, ती शिखराच्या गोष्टीत कोणी सांगत नाही. १८४३ साली देहरादूनच्या मॅजिस्ट्रेटने खात्यातल्या गरीब कामगारांना बेगारीला धरले, तेव्हा हा त्याच्या आडवा गेला. साहेबाने खटला केला आणि सिकदारला दोनशे रुपये दंड बसला. आमच्या मते त्याचा पुतळा उंचीच्या हिशेबाकरिता उभारावा तितकाच या दंडाकरिताही उभारावा.

वाहणाऱ्यांची कथा पुढे तशीच चालली. १९२२ साली एव्हरेस्टच्या वाटेवर हिमकडा कोसळून सात माणसे गेली. सातही हमाल होती. १९५३ साली तेनसिंग शिखरावर पोचला आणि जगाला एका शेर्पाचे नाव ठाऊक झाले. पण त्याच मोहिमेच्या आरंभी काठमांडूत साहेबांची सोय खोल्यांत आणि शेर्पांची मोटारीच्या गॅरेजमध्ये झाली होती. पुढे पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १९९८ साली तेथे पोचले. २०१२ साली गिरिप्रेमीची मंडळी पोचली. त्यांचा अभिमान आम्हांसही आहे. दोर बांधणारे आणि ओझी नेणारे शेर्पा मात्र प्रत्येक मोहिमेत पुढे गेलेले असतात.

१८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार कामावर असताना गाडले गेले. सरकारने अंत्यविधीसाठी घरटी चाळीस हजार नेपाळी रुपये जाहीर केले. तळावरचे शेर्पा जमले, त्यांनी मागण्या लिहून काढल्या आणि वर जाण्याचे नाकारले. लाखो रुपये भरून आलेले गिऱ्हाईक तंबू गुंडाळून परतले. त्यानंतर मृत्यूच्या विम्याची रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये झाली. बातमी वाचली तेव्हा आम्हांस इंदोऱ्याची कळसू आठवली.

आता पुन्हा आपल्या डोंगरावर येऊ. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या बसविल्या आहेत, त्यामुळे आमच्या वयाची माणसेही चढतात. माथ्यावर देवीचे छोटेसे देऊळ आहे. नवरात्रात आजूबाजूच्या गावांची जत्रा भरते. समोर अलंग, मदन, कुलंग आणि खाली १९२६ साली पुरे झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी दिसते. आम्ही गेलो त्या दिवशी गर्दी फार होती. वाटेत बारीच्या बाया ताक आणि लिंबाचे सरबत विकत होत्या. सारे पाणी पायथ्यापासून डोक्यावर आणलेले. आमच्यातल्या एका फिटरने ग्लासाचा भाव ऐकून कुरकुर केली. आम्ही त्याला विचारले, एवढे ओझे एवढ्या शिड्यांवरून वर नेण्याचे तू कारखान्यात काय मागितले असतेस? तो काही बोलला नाही. त्याने दोन ग्लास घेतले, आणि दुसऱ्याचे पैसे देतानाही थोडी कुरकुर केलीच.