मागापासून फुटेजपर्यंत : राखणीच्या साक्षीचा इतिहास

नागपूरच्या जुन्या लेआउटमध्ये ज्यांचे बालपण गेले, त्यांना मध्यरात्रीनंतरचा एक आवाज आठवत असेल. गुरखा हातातली काठी विजेच्या लोखंडी खांबावर आपटायचा, मग एक लांब शिट्टी वाजायची. महिन्याच्या सुरुवातीला तोच माणूस वही घेऊन दारात उभा राहायचा. आज त्याच रस्त्यांवर काठीचा आवाज क्वचितच येतो. फाटकावर पाटी असते : ‘आपण सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या निगराणीत आहात.’ माणूस गेला, यंत्र आले, असे आपण म्हणतो आणि विषय संपवतो. पण राखणीचा जुना इतिहास पाहिला, तर बदल एवढाच नाही असे दिसते. राखणीत नेहमी दोन कामे होती. एक जागे राहण्याचे, दुसरे साक्ष देण्याचे. कॅमेऱ्याने पहिले काम जवळजवळ सोडून दिले आणि दुसरे उचलले. ते त्याला नीट करता येते का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

साक्षीचे काम गावगाड्यात जागल्याकडे होते. गावाची वेस, शिवार, खळी यांवर त्याची नजर असे. पण त्याची खरी कसोटी चोरी झाल्यावर लागे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०४ ते १८०८ या काळात नागपूरच्या दरबारात रेसिडेंट होता. पुढे १८१९ मध्ये त्याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. मागाची पद्धत त्यात नोंदलेली आहे. चोराच्या पावलांचा माग धरून राखणदाराने चालत जायचे. माग शेजारच्या गावाच्या हद्दीत शिरला आणि तिथल्या राखणदाराची खात्री पटली, की जबाबदारी त्या गावावर जायची. म्हणजे माग दिसणे पुरेसे नव्हते, तो दुसऱ्याला पटवून देता आला पाहिजे. पाऊस पडला, गुरे फिरली की माग पुसला जाई. म्हणून वेळेत निघणे हे त्या विद्येचे पहिले कलम होते.

मध्य प्रांतात या माणसाला कोटवार म्हणत. नागपूरकडच्या गावांत हे काम बहुतेक महार समाजाकडे होते. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या ग्रंथात गावच्या सीमेचे ज्ञान या समाजाकडे असल्याची नोंद आहे. सीमेच्या तंट्यात त्यांचा शब्द महत्त्वाचा ठरे. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याच्याच साक्षीवर गावाची हद्द ठरत होती. इंग्रजी अमलात कोटवाराच्या कामाला कागद जोडला गेला. जन्ममृत्यूची नोंद आणि गुन्ह्याची खबर ठाण्यावर पोचवणे हे त्याचे नेमाचे काम झाले.

शहराची गोष्ट थोडी वेगळी. भोसल्यांच्या नागपुरात महालाभोवती वेशी होत्या. त्यांतला जुम्मा दरवाजा आज गांधी गेट म्हणून उभा आहे. वेस बंद केली की रात्री कोण आले, कोण गेले हा प्रश्नच उरत नसे. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि त्याच वर्षी पोलिसांचा कायदा आला. वेशीची जागा हळूहळू नोंदवहीने घेतली. संशयितांची ‘हिस्ट्री शीट’ उघडायची आणि रात्री त्याच्या घरी जाऊन तो आहे का पाहायचे, ही पद्धत देशभर रूढ झाली. उत्तर प्रदेशातल्या खडकसिंग नावाच्या माणसावरचा खटला पुराव्याअभावी सुटला, तरी त्याच्या घराचे दार रात्री ठोठावले जात राहिले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या फेऱ्या घटनाबाह्य ठरवल्या. मात्र खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे मानायला बहुमताने नकार दिला. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण तो पुढे नागपूरशी जोडला जातो.

आता यंत्राकडे वळू. ‘सीसीटीव्ही’मधले ‘क्लोज्ड सर्किट’ म्हणजे चित्र सर्वांना प्रक्षेपित न करता ठरावीक पडद्यापर्यंतच नेणारी जोडणी. तिचा पहिला प्रसिद्ध वापर १९४२ मध्ये जर्मनीत पेनेम्युंडे इथे झाला. व्ही-२ अग्निबाणाचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहता यावे म्हणून वॉल्टर ब्रुख या अभियंत्याने ही व्यवस्था उभारली. तिथे चोर पकडायचा नव्हता, माणसाला स्फोटापासून दूर ठेवायचे होते. शिवाय ते चित्र साठत नव्हते. डोळे पडद्यावर असतील तेवढाच वेळ ते होते. म्हणजे गुरख्याचे काम यंत्राकडे आले होते, कोटवाराचे नव्हे.

साक्षीची सोय १९५६ नंतर झाली. अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीने त्या वर्षी चित्रफितीचे यंत्र बाजारात आणले. ते दूरचित्रवाणी केंद्रांसाठी होते आणि त्याची किंमत सामान्य दुकानदाराच्या आवाक्याबाहेरची होती. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेला आणि तिच्या पतीला घराच्या दारावरच्या कॅमेऱ्याचे पेटंट मिळाले. दाराबाहेर कोण आहे ते आतल्या पडद्यावर पाहायचे आणि बोलून विचारायचे, अशी ती रचना होती. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. त्यामुळे काचेच्या नळीऐवजी सिलिकॉनच्या चिपवर चित्र उमटू लागले. १९७६ मध्ये व्हीएचएस कॅसेट आली आणि फीत स्वस्त झाली. काही तासांची कॅसेट दिवसभर पुरवण्यासाठी मधली चित्रे गाळून नोंद केली जाई. तीच कॅसेट पुन्हापुन्हा वापरून चेहऱ्याच्या जागी पांढऱ्या रेघाच उरत. १९९६ मध्ये स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कंपनीने संगणकाच्या जाळ्याला थेट जोडता येणारा कॅमेरा आणला. कॅसेटच्या जागी हार्ड डिस्क आली आणि तिच्या पेटीला डीव्हीआर हे नाव मिळाले. कॅमेराच संगणकाच्या केबलवर असेल, तर पेटी एनव्हीआर होते.

महाराष्ट्रात हा विषय सरकारच्या टेबलावर आला तो २००८च्या २६ नोव्हेंबरनंतर. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरच्या कॅमेऱ्यांत हल्लेखोर दिसले होते. राम प्रधान समितीने मुंबईत कॅमेऱ्यांचे जाळे उभारण्याची शिफारस केली. निविदा रखडत गेल्या आणि ते जाळे पूर्ण व्हायला २०१६ उजाडले. नागपूरचा स्मार्ट सिटीच्या यादीत समावेश सप्टेंबर २०१६चा. ‘सेफ अँड स्मार्ट सिटी’ प्रकल्पात शहरातल्या सुमारे ७०० ठिकाणी साडेतीन हजारांहून अधिक कॅमेरे बसवण्याचे काम त्याच सुमारास हाती घेतले गेले. चौकातला सिग्नल तोडणारा चालान घरी आल्यावर चकित होऊ लागला, तो या जाळ्यामुळे.

मात्र शहरातले बहुसंख्य कॅमेरे सरकारी नाहीत. ते किराणा दुकानाचे, सराफाचे, शिकवणी वर्गाचे, सोसायटीचे आहेत. पोलीस तपासालाही आधी याच कॅमेऱ्यांची दारे ठोठावावी लागतात. म्हणून साक्षीचा खरा कस तिथे लागतो.

एका सोसायटीची हकिकत सांगतो. फाटकावर आणि वाहनतळात मिळून चार कॅमेरे होते, आत एक टेराबाइटची डिस्क. एक कुटुंब सुटीसाठी गावी गेले होते. बाराव्या दिवशी परतले तेव्हा स्कूटर जागेवर नव्हती. डीव्हीआर उघडला, तर सर्वांत जुने चित्र सहा दिवसांपूर्वीचे होते. त्यात भर म्हणजे पडद्यावरची तारीख २००० सालची होती. आतला बटण-सेल संपला होता. वीज गेली की घड्याळ मूळपदावर जात होते, आणि ते कोणाच्याच लक्षात आले नव्हते. चार डोळे महिनोन्‌महिने उघडे होते, पण साक्ष शून्य.

हा काही दैवाचा खेळ नव्हता, साधा त्रैराशिकाचा हिशेब होता. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६४ पद्धतीने सेकंदाला चार मेगाबिट नोंद करत असेल, तर दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट लागतात. चार कॅमेऱ्यांचे झाले १७३. एक टेराबाइट सहा दिवसांच्या आत भरते आणि नवे चित्र जुन्यावर बसते. एच.२६५ पद्धत वापरली तर जागा साधारण निम्मी लागते, म्हणजे अकरा-बारा दिवस. महिनाभराची नोंद हवी असेल, तर एच.२६५वरही तीन ते चार टेराबाइटची डिस्क घ्यावी लागते. विकत घेताना आपण कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारतो, दिवस विचारत नाही.

दुसरा हिशेब चेहऱ्याचा. अनोळखी माणूस ओळखता यावा यासाठी चित्रात एका मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल असावेत, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल. भागाकार केला तर साधारण साडेसात मीटर, म्हणजे २५ फूट येतात. नेहमीच्या ३.६ मिलिमीटर लेन्सला ही रुंदी सुमारे १५ फुटांवरच मिळते. त्यापलीकडचा माणूस ‘कोणीतरी गेले’ एवढेच सांगतो. म्हणून एक कॅमेरा संपूर्ण आवारासाठी आणि दुसरा फक्त फाटकातून आत येणाऱ्या चेहऱ्यासाठी, अशी विभागणी करावी लागते. तो दुसरा कॅमेरा फार उंच लावला तर टोपी आणि डोक्याचा माथाच दिसतो. फाटक पूर्वेला असेल, तर सकाळच्या उन्हात चेहरा काळा पडतो. तिथे उजेड-सावली सांभाळणारा कॅमेरा लागतो.

नागपूरचा उन्हाळा हा तिसरा हिशेब. बहुतेक डीव्हीआर ५० ते ५५ अंशांपर्यंतच नीट चालतात. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तेव्हा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत हे अंश दुपारीच ओलांडले जातात. पेटी तळमजल्यावर, हवेशीर पण कुलपाच्या जागी ठेवणे बरे. पावसाळ्यात विजेचा झटका लांब तांब्याच्या तारेतून आत येतो, म्हणून अर्थिंग हवे. आणि इन्फ्रारेड दिव्यापाशी किडे येतात, त्यांच्यामागे कोळी येतो. रात्रीच्या चित्रात चोराऐवजी जाळे चमकते. यावर उपाय महिन्यातून एकदा फिरवलेले फडके.

साक्ष टिकली तरी ती न्यायालयात उभी राहिली पाहिजे. याचा गाजलेला दाखला जालन्याचा. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, असा वाद होता. निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ नोंदी महत्त्वाच्या ठरल्या आणि २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवड रद्द केली. नोंदींसोबतचे प्रमाणपत्र मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की, प्रत सादर करताना कलम ६५-ब चे प्रमाणपत्र आवश्यकच आहे. मात्र सर्व प्रयत्न करूनही ते मिळत नसेल, तर कायदा अशक्य गोष्टीची सक्ती करत नाही. निवड रद्द करण्याचा निर्णय कायम राहिला. संपूर्ण वाद घड्याळाच्या काट्यावर होता. त्या दिवशी कॅमेऱ्याचे घड्याळ २००० सालात असते, तर?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांचे झाले आहे. एक यंत्राचा ताबा असणाऱ्याने द्यायचे, दुसरे तज्ज्ञाने. त्यात ‘हॅश’ नोंदवायचा असतो. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला एक लांब आकडा. फाइलमधला एक कणही बदलला तर आकडा बदलतो. शेजारच्या गावच्या राखणदाराला माग पटवून द्यायचा, त्याचेच हे आजचे रूप.

राहिला पाहणाऱ्यावर नजर कोणाची, हा प्रश्न. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि खडकसिंग निकालातला तो जुना नकार पुसला. त्या पीठावर नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅमेरा उलट दिशेने वळवला. देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, कॅमेरे लावावेत आणि नोंद अठरा महिने ठेवावी, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, असा आदेश दिला. म्हणजे साक्ष किती दिवस टिकावी, हा तांत्रिक नव्हे तर न्यायाचा प्रश्न आहे, हे न्यायालयाने ओळखले. कोठडीत मार खाल्लेला माणूस सहाव्या दिवशी तक्रार करायला बाहेर आलेला असेलच असे नाही.

नागपुरात २०२४ मध्ये राज्य सरकारने ‘मार्व्हल’ ही पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम करणारी कंपनी स्थापन केली. एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली. त्यामागे कारण आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या विषाणूने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन इंटरनेटचा मोठा भाग ठप्प केला होता. ज्याला राखणीला ठेवले, त्याच्याच घराला कडी नव्हती.

कोटवाराची वही वरचा अधिकारी तपासत असे. गुरख्याची शिट्टी वाजली नाही, तर सकाळी शेजारी विचारत. डीव्हीआरला विचारणारे कोणी नसते, तो बंद पडला तरी फाटकावरची पाटी तशीच राहते. दिवाळीत अनेक घरांना कुलपे लागतील. निघण्याआधी सोसायटीतल्या कोणीतरी पेटी उघडावी, घड्याळ मोबाइलशी जुळते का पाहावे, सर्वांत जुने चित्र कोणत्या तारखेचे आहे ते वहीत लिहावे आणि पासवर्ड बदलावा. मग खाली सही करावी. पाच मिनिटांचे काम आहे, आणि चोरी झाल्यावर पोलिसांना दाखवायला एक तारीख हाती असते.