साथ ओसरल्यावर चुली उशिरां कां पेटतात?

रोगाची साथ आली म्हणजे सरकार प्रथम जीं दारें बंद करतें, त्यांत उपाहारगृहाचें दार असतें; आणि साथ ओसरल्यावर जीं दारें सर्वांच्या मागून उघडतात, त्यांतहि त्याचीच गणना होते. २०२० सालीं महाराष्ट्र सरकारनें ५ ऑक्टोबरपासून उपाहारगृहांत बसून खाण्याची परवानगी दिली, तेव्हां मुंबईच्या रस्त्यांवरून हिंडणाऱ्या कोणासहि हा प्रकार दिसण्याजोगा होता. परवानगी मिळाली, परंतु पुढें कित्येक आठवडे अनेक ठिकाणचीं शटरें खालीं ओढलेलींच राहिलीं. यावर लोकांत जी चर्चा झाली, तींत दोन मतें विशेष ऐकूं येत. कोणी म्हणे, मालक भित्रे आहेत. कोणी म्हणे, सवलती पदरांत पाडून घेण्यासाठीं ते अडून बसले आहेत. हीं दोन्ही मतें एकाच समजुतीवर उभीं आहेत. ती समजूत अशी कीं, दार बंद करणें व दार उघडणें या एकाच क्रियेच्या दोन बाजू असून, पहिली ज्या जातीच्या हुकमानें घडते, त्याच जातीच्या हुकमानें दुसरीहि घडावी. ही समजूत कितपत खरी आहे, हें तपासून पाहण्याचा येथें विचार आहे.

ज्या कायद्याच्या आधारें राज्य सरकारनें १३ मार्च २०२० पासून साथीचे नियम लागू केले, तो कायदा मुंबईच्याच एका जुन्या साथीचें अपत्य होय. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉक्टर अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्यानें प्लेग ओळखला. १८९१ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ८ लाख २१ हजारांवर भरली होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांतील जवळजवळ निम्मीं माणसें गांवोगांव निघून गेलीं, असा तत्कालीन अंदाज आहे. त्याच महिन्याच्या ४ तारखेस साथरोगांचा कायदा मंजूर झाला. त्या वर्षीं गिरण्यांत जें घडलें, तें आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार उद्बोधक आहे. गिरणीचा पगार एरवीं महिन्याचा असे, आणि तोहि महिना संपल्यावर कांहीं आठवड्यांनीं हातीं पडे. म्हणजे मजुराची कित्येक आठवड्यांची कमाई नेहमीं मालकाकडे अडकलेली असे, आणि मजूर ती निमूटपणें अडकूं देई. प्लेगाच्या दिवसांत मात्र त्यानें सांगितलें कीं, आजची मजुरी आज संध्याकाळीं द्या. ज्या मालकांनीं आपसांत मजुरीचे दर ठरविले होते, तेच एकमेकांचे मजूर ओढूं लागले आणि रस्त्याच्या कोपऱ्यांवर मजुरांचा जणूं लिलाव मांडला गेला. यंत्रें तींच होतीं, कापूस तोच होता, गिरणी चालविण्यास कोणाची बंदीहि नव्हती. नाहींसा झाला होता तो पुढच्या महिन्यावरचा भरंवसा. उद्यां आपण जिवंत असूं कीं नाहीं, मालक येथें असेल कीं नाहीं, हें ज्यास ठाऊक नाहीं, तो महिन्याचा व्यवहार कसा करील?

गिरणीची ही कथा उपाहारगृहास अधिकच लागू पडते. कारण उधारीवर व संवयीवर त्याच्याइतका विसंबून असलेला धंदा शहरांत क्वचितच सांपडेल. वाणी आठवड्यानें किंवा महिन्यानें हिशेब करतो. दूधवाला व भाजीवाला वहींत मांडून ठेवतो. जागेचा मालक महिन्याच्या आरंभीं भाडें मागतो, पण चार दिवस थांबतोहि. आचारी व पोऱ्ये महिनाभर राबून मग पगार घेतात, आणि मधून उचलहि मागतात. खाणावळींत तर गिऱ्हाईकसुद्धां महिन्याच्या बोलीनें जेवतें. या परस्परांच्या उधारीचें जाळें इतकें सूक्ष्म असतें, कीं धंदा चालूं असतां तें डोळ्यांस दिसत नाहीं. गल्ल्यावर बसलेल्या मालकाच्या हातीं भांडवल थोडें असतें. तो धंदा करतो तो मुख्यत्वें दुसऱ्यांच्या विश्वासावर. २४ मार्च २०२० च्या रात्रीं देशभर टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हां हें जाळें एका रात्रींत तुटलें. दार लावण्यास चार तास पुरले. तुटलेले धागे पुन्हा जोडावयाचे, तर प्रत्येक धाग्याच्या दुसऱ्या टोकास असलेल्या माणसानेंहि हात पुढें केला पाहिजे.

पहिला धागा कामगारांचा. मुंबईच्या उपाहारगृहांतील माणसें प्रायः परगांवचीं. उडुपीकडचे वस्ताद, उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओरिसा येथील तरुण, नेपाळांतून आलेले मदतनीस, अशी ही वस्ती. त्यांतील पुष्कळांचें निजण्याचें ठिकाण म्हणजे तेंच उपाहारगृह, नाहींतर मालकानें घेतलेली एकादी खोली. दार बंद झालें तशी त्यांची मजुरी गेली, जेवण गेलें आणि छप्परहि डळमळलें. १ मे २०२० पासून श्रमिकांसाठीं खास आगगाड्या सुटूं लागल्या व त्यांतून देशभर सुमारे ६३ लाख माणसें आपापल्या मुलखास गेलीं. जीं पायीं गेलीं, तीं वेगळीं. ज्या शहरानें आपणांस संकटांत दोन महिनेहि सांभाळलें नाहीं, त्या शहराकडे परवानगीची बातमी ऐकतांच धांव घेण्याचें त्यांस कांहीं कारण नव्हतें. कोणी शेतीच्या कामांत गुंतला, कोणी घरच्यांच्या धास्तीमुळें थांबला, कोणापाशीं परतीच्या भाड्याचे पैसे नव्हते. ज्या स्वयंपाकघराचा वस्ताद हजार मैलांवर आहे, त्याची भट्टी सरकारी पत्रकानें पेटत नाहीं. इंग्लंडांत याहून निराळी वाट चोखाळली गेली. तेथील सरकारनें मार्च २०२० पासून, घरीं बसविलेल्या नोकरांच्या वेतनाचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग ठराविक मर्यादेंत स्वतः सोसला. त्यामुळें दार बंद असतांहि नोकर व मालक यांचें नातें कागदावर तरी टिकलें. तेथेंहि पुढें कामगारांची टंचाई झालीच. परंतु नातें टिकविण्याचा खर्च हा साथीच्याच खर्चाचा भाग आहे, एवढें तत्त्व तेथें मान्य झालें होतें.

दुसरा धागा जागेचा. बंद दारामागें चूल विझते, पण भाडें चालूंच राहतें. २१ मे २०२० रोजीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें खान मार्केटांतील एका दुकानाच्या प्रकरणांत असा निर्णय दिला कीं, टाळेबंदीमुळें व्यापार थांबला एवढ्यावरून त्या भाडेकऱ्यास भाड्याची माफी मागतां येणार नाहीं. भरण्याच्या मुदतींत मात्र कांहीं ढिलाई देतां येईल. कायद्याच्या दृष्टीनें हा निर्णय समजण्यासारखा आहे. जागामालकाचें पोटहि भाड्यावरच असूं शकतें. पण व्यवहारांत त्याचा अर्थ असा झाला, कीं ऑक्टोबरांत दार उघडूं पाहणारा मनुष्य कोऱ्या पाटीवर आरंभ करीत नव्हता. थकलेल्या भाड्याचें ओझें डोक्यावर घेऊनच त्याला पहिला चहा उकळावयाचा होता. इतक्यांत वाण्यानेंहि मागची बाकी दाखवून नव्या मालास रोकड मागितली, तर त्यास दोष कसा द्यावा? १८९७ चा मजूर जें बोलला, तेंच वाणी बोलत होता.

तिसरा धागा गिऱ्हाइकाचा, आणि तो सर्वांत नाजूक. परवानगी होती ती निम्म्या आसनांची. चाळीस माणसें बसण्याच्या जागीं वीसच बसवावयाचीं. पण भाडें चाळीसांचें, भट्टी चाळीसांची, वस्तादाचा पगारहि चाळीसांचाच. तीं वीस तरी यावींत कोठून? साथीपूर्वीं मुंबईच्या लोकल गाड्यांतून रोज ७५ लाखांच्या आसपास प्रवास घडे. या गाड्या सामान्य उतारूंस बंद होत्या. १ फेब्रुवारी २०२१ रोजीं त्या खुल्या झाल्या, त्याहि ठराविक वेळांपुरत्या. फोर्टांतील कचेऱ्यांचे लोक घरूनच काम करीत होते. म्हणजे ज्या उपाहारगृहाचा सकाळचा नाश्ता व दुपारचें जेवण कचेरीच्या माणसांवर चाले, त्यास दार उघडण्याची मोकळीक मिळाली, पण त्याचें गिऱ्हाईक पोहोंचविणाऱ्या गाडीस मिळाली नाहीं. पुण्यांत सदाशिव पेठ व नवी पेठ या भागांतील खाणावळी विद्यार्थ्यांच्या जिवावर चालतात. महाविद्यालयांचे वर्ग बंद असतां त्यांनीं कोणासाठीं पोळ्या लाटाव्या? घरपोंच अन्न देण्याची सोय होती हें खरें. परंतु तें काम करणाऱ्या कंपन्यांचें कमिशन इतकें जड, कीं त्याविषयीं उपाहारगृहांची राष्ट्रीय संघटना २०२१ सालीं स्पर्धा आयोगापर्यंत गेली. शिवाय इराण्याच्या टेबलावर रेंगाळत घेतलेला चहा कोणत्या डब्यांत भरून घरीं न्यावा?

या तिन्ही धाग्यांचा एकमेकांशीं संबंध ध्यानांत घेतला, म्हणजे विलंबाचें मर्म कळतें. गिऱ्हाईक दिसल्याशिवाय मालक आचाऱ्यास बोलावीत नाहीं. पगाराची खात्री पटल्याशिवाय आचारी गांव सोडीत नाहीं. चूल पेटलेली पाहिल्याशिवाय वाणी उधार देत नाहीं. आणि चांगलें अन्न मिळतें असें ऐकल्याशिवाय गिऱ्हाईक येत नाहीं. प्रत्येक जण शहाणपणानें वागत असतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत असतो. बंदीच्या वेळीं असें होत नाहीं. तेथें कोणी कोणासाठीं थांबावें लागत नाहीं, सर्वांस एकदम थांबवितां येतें. म्हणून बंद करणें हें सत्तेचें काम आहे, पण उघडणें हें परस्पर विश्वासाचें काम आहे. आणि विश्वास हुकमानें उत्पन्न होत नाहीं.

त्यांतच हुकूम स्थिर नव्हता. ऑक्टोबर २०२० मध्यें ज्यांनीं धैर्य करून दार उघडलें, त्यांना ५ एप्रिल २०२१ पासून पुन्हा बसून खाण्याची सोय बंद करावी लागली. जूनमध्यें मुंबईंत परवानगी परत आली, ती दुपारीं चारपर्यंतची. ज्यांची कमाई रात्रीच्या जेवणावर, त्यांस तिचा उपयोग काय? १५ ऑगस्टपासून रात्रीं दहापर्यंतची मुभा मिळाली, ऑक्टोबरांत ती मध्यरात्रीपर्यंत वाढली, आणि जानेवारी २०२२ मध्यें पुन्हा दहाची मर्यादा व निम्मीं आसनें आलीं. सर्व निर्बंध उठले ते १ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशीं. रोग जसा वळण घेई, तसे नियम बदलणें सरकारास भाग होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. दुसऱ्या लाटेंत शहरानें काय भोगलें, हें कोण विसरेल? पण कापडाचें दुकान बंद पडलें तर ताग्यांचें कांहीं बिघडत नाहीं. उपाहारगृहांत आदल्या दिवशीं भरलेलें दूध, भाजी व मासळी दुसऱ्या दिवशीं उकिरड्यावर जाते. ज्यानें हा तोटा एकदां सोसला, तो पुढच्या परवानगीच्या वेळीं दोन आठवडे थांबून पाहूं लागला, तर त्याला भित्रा म्हणणें अन्यायाचें होय.

यावर कोणी म्हणेल, कीं दुबळे गेले व सबळ राहिले, हा बाजाराचा नियमच आहे. जुन्या जागीं नवीं उपाहारगृहें निघालीं आणि आज मुंबई-पुण्यास खाण्याची वाण नाहीं. यांतील वस्तुस्थिति आम्हांस मान्य आहे. परंतु गेलें तें काय, हेंहि पाहिलें पाहिजे. वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय संघटनेनेंच २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत असा अंदाज दिला, कीं २०२०-२१ या वर्षांत धंद्याची उलाढाल निम्म्याहून खालीं आली, सुमारे चतुर्थांश उपाहारगृहें कायमचीं मिटलीं आणि जवळजवळ २४ लाख माणसांचें काम गेलें. ज्यांच्यापाशीं रोकड भांडवल होतें तीं टिकलीं. ज्यांचें भांडवल म्हणजे केवळ माणसांचा विश्वास होता, त्यांवर पहिला घाव पडला. गिरणगांवांतील खाणावळवाल्या बायकांचें उदाहरण डोळ्यांपुढें आणावें. त्या गिरणीकामगारांस महिन्याच्या बोलीनें जेवूं घालीत आणि त्यासाठीं सावकाराचें व्याज भरीत. त्यांस या व्याजांतून सोडविण्यासाठीं प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें. अशा घरगुती खाणावळींची नोंद कोणत्या अहवालांत सांपडणार? आणि त्या मिटल्या, तर एकट्यानें शहरांत राहणाऱ्या गरीब माणसाचें जेवण महाग होतें. नव्या झगझगीत उपाहारगृहानें ती उणीव भरून येत नाहीं.

साथ पुन्हा कधीं येईल, हें सांगतां येत नाहीं. पण १८९६, १९१८ आणि २०२० यांचा अनुभव गांठीशीं असलेल्या शहरानें ती येणारच नाहीं असें धरून चालूं नये. तेव्हां पुढील वेळीं दार बंद करण्याचा कागद लिहिला जाईल, त्याच वेळीं उघडण्याचाहि विचार झालेला असावा. काम थांबलेल्या माणसाच्या जेवणाची व निवाऱ्याची सोय शहरांतच व्हावी, म्हणजे तो हजार मैल चालून जाणार नाहीं. भाड्याचा बोजा मालक, भाडेकरी व सरकार यांनीं कोणत्या प्रमाणांत वांटून घ्यावा, हें आधींच ठरलेलें असावें. उपाहारगृहास परवानगी देतांना त्याचें गिऱ्हाईक आणणाऱ्या गाडीचाहि विचार व्हावा, आणि नियम बदलावयाचा तर नासणारा माल खपण्यापुरती तरी पूर्वसूचना मिळावी. यांतील एकहि गोष्ट अशक्य कोटींतली नाहीं. यांवर होणारा खर्च, मिटलेल्या खाणावळींचा व परागंदा झालेल्या आचाऱ्यांचा हिशेब मांडला, तर फार वाटूं नये.