खो-खोची निवड आणि दोन्ही बाजूंचा खेळाडू

खो-खोच्या सामन्यात प्रत्येक संघाला दोनदा आक्रमण आणि दोनदा संरक्षण करावे लागते. दोन्ही कामे सारख्याच ताकदीने करणाऱ्याला अष्टपैलू म्हणतात. वृत्तपत्रांत सामन्याचा वृत्तांत येतो तेव्हा अशा खेळाडूच्या नावापुढे संरक्षणाची मिनिटे आणि बाद केलेले गडी असे दोन्ही आकडे छापलेले असतात. निवड समितीपुढे खरा प्रश्न मात्र त्यानंतर उभा राहतो: हे दोन आकडे पाहून कोणाला घ्यायचे?

आपल्या अंबरपेठ, काचीगुडा परिसरातील अनेक घरांतील मुले-मुली शाळेत हा खेळ खेळतात. पालकांना व होतकरू खेळाडूंना उपयोगी पडावी म्हणून ही माहिती येथे एकत्र दिली आहे.

थोडी पार्श्वभूमी

खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा मात्र महाराष्ट्रात झाली नाही. ती १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. म्हणजे तेलुगू मुलखाशी या खेळाचे नाते जुने आहे. २०२२ मध्ये ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक लीग सुरू झाली. तिच्या सहा संघांत ‘तेलुगू योद्धाज’ हा संघही होता. पहिल्या हंगामाचे सामने पुण्यात बालेवाडीला झाले. ४ सप्टेंबर २०२२ च्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजचा ४६-४५ असा एका गुणाने पराभव केला. अखेरच्या काही सेकंदांत सूरज लांडेने आकाशीय सूर मारून गडी टिपला आणि विजेतेपद ठरले.

या लीगमध्ये खेळाडू ‘ड्राफ्ट’ने निवडले गेले. लिलावात बोली वाढत जाते. ड्राफ्टमध्ये खेळाडूंचे गट आधी ठरलेले असतात आणि संघ पाळीपाळीने एकेक नाव उचलतात. आपली पाळी एकदा गेली की हवा असलेला खेळाडू दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे एकाच नावात दोन कामे करणारा माणूस मिळाला तर संघाची एक पाळी वाचते.

बेसबॉलमधील तोच पेच

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये हौशी खेळाडूंचा ड्राफ्ट १९६५ पासून होतो. तेथे डावखुरी आणि उजवी अशी दोन्ही बाजूंनी फलंदाजी करणाऱ्यांना ‘स्विच हिटर’ म्हणतात. बहुतेक गोलंदाज उजव्या हाताचे असल्याने असा फलंदाज बराच वेळ डाव्या बाजूनेच खेळतो, आणि त्याच्या उजव्या बाजूला सराव कमी मिळतो. मिकी मँटलला वडिलांनी लहानपणापासून दोन्ही बाजू शिकवल्या. त्याने ५३६ होमरन केले. उलट सेड्रिक मलिन्सने २०२१ च्या हंगामापूर्वी उजव्या बाजूने खेळणे सोडून दिले. त्याच वर्षी त्याने ३० होमरन आणि ३० चोरलेले बेस अशी कामगिरी केली. दोन्ही बाजू येतात एवढे पुरेसे नाही. कमजोर बाजू किती कमजोर आहे, हे पाहावे लागते.

खो-खोत ‘बाजू’ कोणती?

खो-खोत बाजूंचा प्रश्न दोन ठिकाणी येतो. पहिला, आक्रमण आणि संरक्षण. दुसरा, आक्रमणातील डावी-उजवी दिशा. पाटीवर आठ खेळाडू एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसतात. खो मिळाल्यावर उठणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत जाईतो त्याला मागे वळता येत नाही. एखादा आक्रमक एकाच खांद्यावरून चपळ वळत असेल, तर अनुभवी संरक्षक दुसऱ्या अंगाने निसटतो. खांबावर गडी टिपतानाही एका हाताने खांब धरून दुसरा हात लांबवावा लागतो, आणि कोणत्या अंगाने आलो त्याप्रमाणे हात बदलतो. लीगमध्ये ‘वजीर’ नावाचा आक्रमक कोणत्याही दिशेला धावू शकतो. या जागेसाठी दोन्ही अंगे मोकळी असलेलाच खेळाडू लागतो.

आकडे कसे वाचावेत

१. संरक्षणाची वेळ तुकडीसह पाहावी. संरक्षक तीन-तीनच्या तुकडीने उतरतात. शेवटच्या तुकडीतील मुलगा ४० सेकंद नाबाद राहिला, तर तो तेवढाच टिकतो असे नव्हे. डाव तेथे संपलेला असतो. म्हणून बाद झालेली आणि नाबाद वेळ वेगळी लिहावी.

२. बाद केलेले गडी जागेसह पाहावेत. खांबाजवळ बसणाऱ्याला गडी टिपण्याची संधी जास्त मिळते. मध्ये बसणारा वेळेवर खो देऊन संरक्षकाला कोपऱ्यात नेतो, पण गुण त्याच्या नावावर लागत नाही.

३. दुसऱ्या डावाकडे विशेष लक्ष द्यावे. दमल्यावर शरीर आवडीच्या अंगाकडे झुकते. कमजोर बाजू तेव्हाच उघडी पडते.

४. दोन्ही कामांची सरासरी काढू नये. संरक्षणात उत्तम पण आक्रमणात सामान्य असा खेळाडू, दोन्हींत मध्यम असलेल्यापेक्षा संघाला बहुधा अधिक उपयोगी पडतो. दोन्ही अंगे खरोखर चांगली असतील तरच अष्टपैलू म्हणून वरची पसंती द्यावी.

५. प्रतिस्पर्धी कोण होता, हे लिहून ठेवावे. महाराष्ट्र, रेल्वे किंवा कोल्हापूरच्या संघापुढे काढलेला दीड मिनिट आणि शाळेच्या मैत्रीपूर्ण सामन्यातील तीन मिनिटे यांची तुलना होत नाही.

पालकांसाठी

वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी मुलाला ‘तू फक्त धावणारा’ असे ठरवून टाकू नये. लहान वयात डाव्या अंगाने वळणे, डाव्या हाताने खांब धरणे हे सहज शिकता येते. मात्र १७-१८ वर्षांनंतर एक बाजू स्पष्टपणे सरस दिसत असेल, तर ती धारदार करण्यात कमीपणा नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लीगचे पहिले दोन हंगाम केवळ पुरुषांचे होते. त्यामुळे मुलींची वाट शालेय, राज्य व राष्ट्रीय स्पर्धांतूनच जाते. १८ वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत मुलींसाठी जानकी पुरस्कार, मुलांसाठी वीर अभिमन्यू पुरस्कार असतो. महिला गटात राणी लक्ष्मीबाई आणि पुरुष गटात एकलव्य पुरस्कार. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे होती, पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर. दोघेही महाराष्ट्राचे, आणि प्रतीक तर तेलुगू योद्धाजकडून खेळलेला.

निवड चाचणीला जाताना मुलाने किंवा मुलीने आपल्या सामन्यांची वही सोबत ठेवावी: तारीख, प्रतिस्पर्धी, तुकडी, वेळ, बसण्याची जागा, बाद केलेले गडी. चाचणीत काही मिनिटेच खेळायला मिळते. वर्षभराचा खेळ त्या वहीतूनच निवड समितीपुढे मांडता येतो.