स्लिम, फील्ड मार्शल सर विल्यम जोसेफ

(६ ऑगस्ट १८९१ – १४ डिसेंबर १९७०). ब्रिटिश सेनानी, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या (सध्याचे म्यानमार) आघाडीवर लढलेल्या चौदाव्या सेनेचे सेनापती, पुढे ब्रिटिश भूसेनेचे प्रमुख आणि ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर जनरल. १९४२ मध्ये जपानी आक्रमणापुढे ब्रह्मदेशातून माघार घेणाऱ्या फौजेचे नेतृत्व स्लिम यांच्याकडे होते आणि तीनच वर्षांनी त्याच भूमीवर जपानी सैन्याचा निर्णायक पराभव करणारी सेनाही त्यांचीच होती. हा पालट मुख्यतः रोगराई, रसद आणि सैनिकांचा खचलेला आत्मविश्वास या तीन बाबींवर त्यांनी घेतलेल्या मेहनतीतून घडला. आणि या सेनेत भारतीय सैनिक बहुसंख्य असल्याने त्यांच्या चरित्राचा हा भाग भारताच्या लष्करी इतिहासाचाही भाग ठरतो.

स्लिम यांचा जन्म इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराच्या बिशपस्टन भागात एका सामान्य व्यापारी कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब बर्मिंगहॅमला स्थायिक झाले आणि तेथील किंग एडवर्ड्स स्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. घरची स्थिती बेताची असल्यामुळे त्यांना विद्यापीठात जाता आले नाही. काही काळ त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवले आणि नंतर धातूच्या नळ्या तयार करणाऱ्या एका कंपनीत कारकुनी केली. त्या काळी ब्रिटिश भूसेनेतील अधिकाऱ्याला पगाराखेरीज घरचे उत्पन्न असणे जवळजवळ आवश्यक मानले जाई, त्यामुळे अशा तरुणाला तो मार्ग एरवी बंदच होता. मात्र १९१२ मध्ये त्यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या अधिकारी प्रशिक्षण पथकात प्रवेश मिळवला होता आणि ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटमध्ये त्यांची हंगामी सेकंड लेफ्टनंट म्हणून नेमणूक झाली.

ऑगस्ट १९१५ मध्ये तुर्कस्तानातील गॅलिपोली द्वीपकल्पावर सारी बैर या डोंगररांगेसाठी झालेल्या लढाईत ते गंभीर जखमी झाले. याच लढाईत त्यांनी सहाव्या गुरखा रायफल्सचे जवान आपल्या शेजारी लढताना पाहिले आणि या पलटणीविषयी त्यांच्या मनात कायमची ओढ निर्माण झाली. बरे झाल्यावर ते मेसोपोटेमियात (सध्याचा इराक) लढले, तेथे १९१७ मध्ये पुन्हा जखमी झाले, त्यांना मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळाले आणि उपचारांसाठी त्यांना भारतात पाठवण्यात आले. युद्धानंतर त्यांनी ब्रिटिश भूसेनेऐवजी भारतीय सेना पत्करली. तेथे पगारावर निभावता येत असे, हे त्यामागचे एक व्यावहारिक कारण होते. १९२० मध्ये ते सहाव्या गुरखा रायफल्सच्या पहिल्या बटालियनमध्ये दाखल झाले. १९२६ मध्ये त्यांचा आयलीन रॉबर्टसन यांच्याशी विवाह झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी झाली.

दोन महायुद्धांमधील काळ बढत्या मंदावल्याचा होता. क्वेट्टा येथील स्टाफ कॉलेज, दिल्लीतील सेना मुख्यालय, इंग्लंडमधील कँबर्ली येथील स्टाफ कॉलेजात अध्यापन आणि सातव्या गुरखा रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनचे नेतृत्व अशी वाटचाल करत ते वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कर्नल झाले. संसाराच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून या वर्षांत ते अँथनी मिल्स या टोपणनावाने मासिकांतून कथा व लेख लिहीत. पुढच्या काळातील त्यांच्या गद्याचा साधेपणा या सरावाचा परिणाम असावा. १९३९ मध्ये त्यांची बेळगाव येथील सीनिअर ऑफिसर्स स्कूलच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. बटालियनचे नेतृत्व करू घातलेल्या अधिकाऱ्यांना तयार करणारी ही संस्था मराठा पलटणीच्या मुख्य केंद्राच्या गावीच होती.

दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याकडे प्रथम दहाव्या भारतीय ब्रिगेडचे नेतृत्व आले. सुदान–इथिओपिया सीमेवरील गालाबात हे ठाणे या ब्रिगेडने नोव्हेंबर १९४० मध्ये जिंकले, पण पलीकडचे मेतेम्मा हाती येण्यापूर्वीच इटालियन विमानांच्या माऱ्याने फळी विस्कळित झाली आणि स्लिम यांनी माघारीचा निर्णय घेतला. दोन मार्ग समोर असताना आपण धाडसाचा मार्ग सोडून भीतीचा सल्ला ऐकला, अशी कबुली त्यांनी नंतर लिहून ठेवली. जानेवारी १९४१ मध्ये इरिट्रियात विमानातून झालेल्या गोळीबारात ते जखमी झाले. त्यानंतर दहाव्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती म्हणून त्यांनी इराक, सीरिया व इराण येथील मोहिमा पार पाडल्या.

मार्च १९४२ मध्ये रंगून (सध्याचे यांगून) पडले आणि त्याच महिन्यात स्लिम यांना ब्रह्मदेशात बोलावून बर्मा कोअरचे नेतृत्व देण्यात आले. कोअर म्हणजे दोन किंवा अधिक डिव्हिजनांची मिळून झालेली फौज. या कोअरमध्ये सतरावी भारतीय डिव्हिजन, पहिली बर्मा डिव्हिजन आणि एक रणगाडा ब्रिगेड होती, आणि तिन्ही तोवर बऱ्याच झिजलेल्या होत्या. विमानांचे संरक्षण जवळजवळ नव्हते. रंगूनचे बंदर गेल्यामुळे समुद्रामार्गे कुमक येणे शक्य नव्हते. रस्त्यांना बांधलेल्या या फौजेला जपानी तुकड्या जंगलातून वळसा घालत आणि मागच्या वाटेवर अडसर उभा करत. येनांजाउंग येथील तेलविहिरी व साठे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून एप्रिलमध्ये ते उद्ध्वस्त करावे लागले. सुमारे दीड हजार किलोमीटरची ही माघार मे महिन्यात, पावसाळा तोंडावर असताना, मणिपूरच्या सीमेवर संपली. अखेरच्या दिवशी स्लिम रस्त्याकडेच्या उंचवट्यावर उभे राहून पिछाडीच्या तुकड्या भारतात शिरताना पाहत होते; माणसे हाडांचे सापळे झाली होती, अंगावर चिंध्या होत्या, तरी त्यांच्या खांद्यावर शस्त्रे होती आणि ती आपापल्या तुकडीत होती. फौज हरली असली तरी विखुरली नाही, आणि पुढच्या उभारणीचा पाया हाच होता.

त्यानंतर त्यांच्याकडे पंधराव्या कोअरचे नेतृत्व आले. १९४३ च्या आरंभी अराकान किनाऱ्यावरील पहिली चढाई फसली, तिचे खापर स्लिम यांच्यावर फोडून त्यांना दूर करण्याचा प्रयत्न त्यांच्या वरिष्ठांनी केला, पण अखेर पद त्या वरिष्ठांचेच गेले. ऑक्टोबर १९४३ मध्ये स्लिम नव्याने उभ्या राहणाऱ्या चौदाव्या सेनेचे सेनापती झाले. युरोपातील युद्धापुढे या आघाडीची दखल शेवटी घेतली जाई. ‘विसरलेली सेना’ हे नाव तिला त्यामुळेच पडले. तिची पिछाडी बंगाल व आसाममध्ये होती, आणि १९४३ या ज्या वर्षी ती उभी राहत होती त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने मरत होती, ही गोष्ट या सेनेच्या यशाची कथा सांगताना वगळता येत नाही.

स्लिम यांच्या कर्तृत्वाचा गाभा याच तयारीच्या महिन्यांत सापडतो. १९४३ मध्ये जखमी म्हणून मागे पाठवाव्या लागणाऱ्या प्रत्येक सैनिकामागे १२० सैनिक हिवताप, आमांश, स्क्रब टायफस यांसारख्या रोगांनी निकामी होत होते. हिवतापाच्या रुग्णाला दूर भारतातील रुग्णालयात हलवले की तो महिनोन्‌महिने परत येत नसे; म्हणून त्यांनी आघाडीच्या पाठीशी काही मैलांवरच उपचारकेंद्रे उभारली. मेपाक्रीन ही हिवताप रोखणारी गोळी प्रत्येकाने रोज घ्यावी असा हुकूम निघाला, पण गोळीमुळे पुरुषत्व जाते अशी अफवा असल्याने सैनिक ती टाळत. त्यावर अचानक तपासण्या सुरू झाल्या: एखाद्या तुकडीतील ९५ टक्क्यांहून कमी जवानांच्या शरीरात औषध आढळले, तर स्लिम तिच्या प्रमुखाला पदावरून काढत. असे तिघांना काढल्यावर बाकीच्यांना अर्थ समजला. रोग हा वैद्यकीय खात्याचा प्रश्न न मानता सेनापतीच्या शिस्तीचा प्रश्न मानणे, ही त्यांची खरी देणगी होय.

रसदेच्या बाबतीतही त्यांची दृष्टी अशीच होती. वळसा घालून मागचा रस्ता तोडण्याच्या जपानी तंत्रावर त्यांचा उतारा सरळ होता: वेढल्या गेलेल्या तुकडीने माघार न घेता जागीच पाय रोवावेत आणि तिला अन्न व दारूगोळा विमानातून मिळावा. त्यासाठी लागणाऱ्या रेशमी हवाई छत्र्या इंग्लंडहून पुरेशा येईनात, तेव्हा कलकत्त्याच्या ताग उद्योगाला हाताशी धरून तागाच्या छत्र्या बनवून घेण्यात आल्या. माणसाला उतरवण्याच्या त्या कामाच्या नव्हत्या, पण सामानासाठी चालत आणि एका छत्रीला जेमतेम एक पौंड खर्च येई, तर नेहमीच्या छत्रीला वीस पौंडांहून अधिक. पावसाळी रस्त्यांवर डांबरात भिजवलेले गोणपाट अंथरण्यात आले. आघाडीवरील एखाद्या फौजेला अर्धा शिधा घ्यावा लागला तर स्लिम आपल्या मुख्यालयालाही अर्ध्या शिध्यावर ठेवत. ते पलटणींना भेटी देत आणि सैनिकांशी शक्य तेथे त्यांच्याच भाषेत, उर्दूत किंवा गुरखालीत, बोलत. ‘अंकल बिल’ हे त्यांचे नाव सैनिकांनीच रूढ केले.

या पद्धतीची पहिली कसोटी फेब्रुवारी १९४४ मध्ये अराकानात लागली. सिन्झवेया येथे सातव्या भारतीय डिव्हिजनच्या पिछाडीचा तळ जपान्यांनी वेढला, पण विमानांतून पुरवठा होत राहिल्याने तो टिकला आणि शेवटी वेढा घालणाऱ्यांचीच उपासमार झाली. मार्चमध्ये जनरल मुतागुची यांची सुमारे ८५,००० सैनिकांची पंधरावी जपानी सेना चिंदविन नदी ओलांडून इंफाळ व कोहिमाकडे निघाली. शत्रूला पुढे येऊ द्यावे, त्याची रसदवाट लांबू द्यावी आणि आपल्या तळाजवळ इंफाळच्या मैदानात त्याला गाठावे, अशी स्लिम यांची योजना होती. परंतु टिड्डिमहून सतराव्या डिव्हिजनला मागे घेण्यास उशीर झाला आणि कोहिमावर फार तर एक रेजिमेंट येईल असा अंदाज असताना संपूर्ण डिव्हिजन चालून आली. या दोन्ही चुका त्यांनी पुढे आपल्या नावावर घेतल्या. या चुकांची किंमत कमी होण्यात मराठ्यांचा वाटा आहे: उखरूलजवळील सांगशाक येथे २२ ते २६ मार्च या काळात पन्नासाव्या भारतीय हवाई छत्री ब्रिगेडने आणि तिच्या जोडीला असलेल्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या बटालियनने पाण्याच्या टंचाईत, बहुतेक वेळ हातघाईवर लढून जपानी आगेकूच रोखून धरली आणि कोहिमाच्या शिबंदीला मोलाचे दिवस मिळाले. पाचवी भारतीय डिव्हिजन अराकानातून विमानांनी थेट लढाईत आणण्यात आली. २२ जून रोजी इंफाळचा वेढा उठला. जपान्यांचे ५०,००० हून अधिक सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले आणि त्यांतील फार मोठा भाग भूक व रोगांचा बळी होता. डिसेंबर १९४४ मध्ये व्हाइसरॉय वेव्हेल यांनी इंफाळ येथेच स्लिम यांना ‘सर’ हा किताब बहाल केला.

इंफाळच्या लढाईत जपान्यांच्या बाजूने आझाद हिंद फौजेच्या तुकड्याही होत्या, म्हणजे दोन्ही फळ्यांत भारतीय सैनिक होते. स्लिम यांनी आपल्या लेखनात या फौजेला फारसे महत्त्व दिलेले नाही. लष्करी परिणामापुरते ते बरोबर असले, तरी तिचा राजकीय अर्थ त्यांच्या नजरेतून निसटला.

१९४५ ची इरावती नदीवरील मोहीम ही त्यांची सर्वांत कुशल लढाई होय. चिंदविनवर कलेवा येथे ११५४ फूट लांबीचा, त्या वेळी जगात सर्वांत लांब ठरलेला बेली पूल (सुट्या पोलादी भागांचा जोडपूल) टाकून सेना पुढे गेली. पण शत्रू श्वेबोच्या मैदानात न थांबता इरावतीपलीकडे सरकल्याचे दिसताच स्लिम यांनी योजना बदलली. उत्तरेकडे मंडालेवर मोठा हल्ला होत असल्याचे दाखवून त्यांनी चौथी कोअर गांगॉ खोऱ्यातून गुपचूप दक्षिणेला नेली. तिच्या जुन्या जागी एक खोटे मुख्यालय बिनतारी संदेश पाठवत राहिले. फेब्रुवारीच्या मध्यात न्याउंगू येथे नदी ओलांडून या कोअरने ३ मार्च रोजी जपान्यांचे रसदकेंद्र मेइक्तिला घेतले आणि २० मार्चला मंडालेही पडले. जपानी सेनापती किमुरा यांची फौज मोडली. पावसाळ्याआधी रंगून गाठण्याची शर्यत पेगूजवळ पावसाने अडवली, परंतु ३ मे रोजी समुद्रमार्गे आलेल्या तुकड्या जपान्यांनी सोडलेल्या रंगूनमध्ये शिरल्या. त्याच महिन्यात बर्मी राष्ट्रीय सेनेचे तरुण नेते आँग सान जपानी मेजर जनरलच्या गणवेशात स्लिम यांच्या मुख्यालयात आले. स्लिम यांना त्यांची निर्भीडता आवडली आणि त्यांच्याशी जुळवून घ्यावे असे त्यांचे मत झाले.

विजयानंतर लगेच स्लिम यांचे वरिष्ठ जनरल लीस यांनी त्यांना चौदाव्या सेनेवरून हलवण्याचा घाट घातला, पण सेनेतील नाराजी व लंडनचा विरोध यांमुळे लीस यांनाच जावे लागले आणि त्यांची जागा स्लिम यांना मिळाली. १९४८ मध्ये ते निवृत्त होऊन ब्रिटिश रेल्वेच्या कारभारात गेले होते. पंतप्रधान ॲटली यांनी त्यांना परत बोलावून माँटगोमरी यांच्यानंतर भूसेनेचे प्रमुख केले. भारतीय सेनेतून या पदावर पोचलेले ते पहिले अधिकारी होत. जानेवारी १९४९ मध्ये ते फील्ड मार्शल झाले. मलायातील बंडाळी आणि कोरियातील युद्ध हे त्यांच्या कारकिर्दीतील मुख्य प्रश्न होते.

१९५३ ते १९६० या काळात ते ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर जनरल होते. परतल्यावर त्यांना व्हायकाउंट ही सरदारकी मिळाली आणि १९६४ पासून विंडसर किल्ल्याचे गव्हर्नरपद त्यांच्याकडे होते. लंडन येथे त्यांचे निधन झाले. ऑस्ट्रेलियातील वास्तव्यात बालगृहातील मुलांशी त्यांनी लैंगिक गैरवर्तन केल्याचे आरोप मृत्यूनंतर अनेक वर्षांनी काही माजी रहिवाशांनी केले. कुटुंबाने ते नाकारले आणि न्यायालयात त्यांचा निवाडा झालेला नाही, मात्र कॅनबेरातील एका रस्त्याला दिलेले स्लिम यांचे नाव पुढे काढण्यात आले. लंडनमध्ये व्हाइटहॉल येथे १९९० मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

‘डिफीट इन्टू व्हिक्टरी’ (१९५६) हे त्यांचे ब्रह्मदेश मोहिमेवरील पुस्तक सेनापतींच्या आत्मकथनांत वरच्या दर्जाचे मानले जाते, कारण त्यात पराभवाची जबाबदारी लेखक स्वतः घेतो आणि यशाचे श्रेय सैनिकांना देतो. ‘अनऑफिशियल हिस्टरी’ (१९५९) मध्ये त्यांच्या आधीच्या लढायांच्या आठवणी आहेत. भारतीय वाचकाने पहिल्या पुस्तकातील लढायांच्या वर्णनांइतकीच त्यातील आरोग्य, रसद व मनोधैर्य यांवरील प्रकरणे लक्षपूर्वक वाचावीत आणि आझाद हिंद फौजेच्या बाजूने लिहिलेल्या आठवणी त्यांच्या शेजारी ठेवाव्यात.